अक्षतेएवढं अंतर

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. हे पत्र पोचणार नाही हे मला कळतं. पोलिसात आहे मी, ज्यांचा पत्ता सापडत नाही अशा माणसांचे कागद रोज हाताखालून जातात. तरी लिहितेय, कारण येत्या रविवारी इंदिरानगरात कराटे शिकवणाऱ्या सगळ्यांची बैठक आहे आणि प्रत्येकानं एक पान लिहून आणायचंय: आपलं कराटे ऑलिंपिकसारख्या मोठ्या स्पर्धांमध्ये असावं की नसावं. बाहेरून परत एकदा 'नाही' असं उत्तर आलं, पेपरात कोपऱ्यात चार ओळी होत्या, आणि इकडं आपल्या मंडळींना चेव चढलाय. सह्यांची मोहीम काढायची म्हणे. माझं पान तीन दिवस कोरं आहे. पहिलं वाक्य लिहायला घेतलं की तुम्ही समोर येऊन बसता, गळ्यात शिंप्याची टेप अडकवून, आणि विचारता, "हे तुझं मत आहे की तुझ्या नोकरीचं?" म्हटलं, आधी तुमच्याशीच काय ते बोलून घ्यावं.

मी हरसूलहून नाशिकला हॉस्टेलात आले तेव्हा कराटे म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. हॉस्टेलच्या बाईंनी सांगितलं, पहाटे क्लास आहे, फुकट आहे, आणि नंतर दूध मिळतं. मी दुधासाठी आले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्हाला ठाऊक असणार. क्लास भरायचा मंगल कार्यालयात. लग्नसराईत आदल्या दिवशीचं कार्य उरकलेलं असायचं आणि आपण दार उघडलं की फरशीभर अक्षता. कुंकवानं रंगलेले तांदूळ अनवाणी तळव्यांना असे टोचायचे की काही विचारू नका. तुमचा पहिला धडा म्हणजे झाडू. ओळीनं उभं राहून हॉल झाडायचा, मग ओल्या फडक्यानं पुसायचा, मग वाकून नमस्कार. पहिले पंधरा दिवस मी नुसती झाडत होते. मला वाटलं, या माणसाला कार्यालयाच्या मालकानं झाडलोटीला ठेवलंय आणि हा आमच्याकडून काम करून घेतोय.

मग एके दिवशी तुम्ही केरातून एक अक्षत उचललीत, ओली करून माझ्या हनुवटीला चिकटवलीत, आणि तुमची मूठ जी आली म्हणता! माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तर मूठ तिथंच, दाणा तिथंच. "एवढं अंतर," तुम्ही म्हणालात. "दाणा पडता कामा नये आणि चुरडताही कामा नये. मारणारे पैशाला पासरी आहेत. थांबवता आलं पाहिजे." त्यानंतर तीन वर्षं आम्ही पोरी हनुवटीला तांदूळ चिकटवून एकमेकींसमोर उभ्या राहायचो. नवीन आलेल्या पोरी खिदळायच्या. तुम्ही रागवायचा नाहीत, फक्त तो दाणा पुन्हा चिकटवायचात.

आणि एक रीत होती तुमची, ती मी आज माझ्या पोरींना शिकवताना अडखळते. कुणाला लागलं, कुणी खाली पडलं, की समोरच्यानं लगेच तिच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसायचं आणि ती उठेपर्यंत मान वळवायची नाही. मी विचारलं होतं, का म्हणून? मारलंय आपण, निदान बघायला तर हवं. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या दुखण्याकडे टक लावून बघायचं नसतं गं. तिला सावरायला जागा द्यायची." मला ते फार आवडलं होतं. तेव्हा.

ज्या दिवशी पेपरात आलं की आशियाई स्पर्धांमध्ये कराटे घेतलं, त्या दिवशी मी पेढे घेऊन तुमच्या दुकानात आले. तुम्ही ब्लाउजला हुक लावत होता. बाजूच्या स्टुलावर तुमचे दिंडोरीचे मित्र बसले होते, स्कूटरवरून द्राक्षांची पेटी घेऊन आलेले. तुम्ही दोघं एकाच गुरूकडे शिकलात, एकाच दिवशी काळा पट्टा घेतलात. ते द्राक्षबागेच्या शेडमध्ये पोरं शिकवायचे आणि तुम्ही मंगल कार्यालयात. त्यांनी दोन पेढे एकदम तोंडात टाकले. तुम्ही तुमचा पेढा शिलाई मशीनवर ठेवून दिलात आणि म्हणालात, "लग्न कुणाचं ठरलं?"

मी बातमी सांगितली. तुम्ही मान वर केली नाहीत. "आता गुण मोजतील. गुण मोजायला लागले की लोक गुणासाठी मारतील. आणि एक दिवस गुणासाठी मार खातीलसुद्धा. आपली विद्या आहे ती, कबड्डी नाही."

"मास्तर, तुमचं आपलं कायतरीच!" दिंडोरीचे म्हणाले. "लय सोवळं करता राव तुम्ही. कबड्डीला काय झालं? पोरींना नोकऱ्या लागतील. मोठ्या स्पर्धेत खेळ आला की सरकारच्या यादीत येतो, यादीत आला की सर्टिफिकेटाला किंमत येती. हॉल झाडून कुणाला पोलिसात घेत नाय."

मी त्यांच्या बाजूनं होते, आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "पेढे वाटायच्या आधी विचारायचं असतं, आनंद कशाचा ते." एवढंच. पण चारचौघांत बोललात, आणि मी घरच्यासारखी वावरत होते तुमच्याकडे, म्हणून फार लागलं. आठ दिवस मी क्लासला आले नाही. दूधही सोडलं.

जिल्हा निवडीचा फॉर्म आला तेव्हा तुम्ही सही करायला साफ नकार दिलात. तुमच्या वर्गातून कुणी जाणार नाही, विषय संपला. मग माझे वडील आले हरसूलहून, बाजार सोडून, नागलीच्या पिठाचं गाठोडं घेऊन. तुमच्या दुकानात ते बसेचनात, दारातच उभे. "सर, आमाला त्यातलं काय समजत नाय," ते म्हणाले. "पोर म्हणती, या कागदावर सही झाली तं पुढं पोलिसात घेतील. आमच्या पाड्यावर कुणी पोलिसात नाय. पोलीस येतात तवा आमी पळतो." शेवटचं वाक्य ते हसून बोलले. तुम्ही हसला नाहीत. टेबलाच्या खणातून पेन काढलंत आणि सही केलीत. इतकी वर्षं जपलेली गोष्ट एका मिनिटात सोडलीत, आणि वडिलांना चहा पाजून बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलात.

चार दिवसांनी तुम्ही मला ड्रेस दिलात. पांढऱ्या जाड ड्रिलचा, तुम्ही स्वतः शिवलेला. तोवर मी हॉस्टेलच्या थोरल्या मुलीचा जुना घालायची, गुडघ्यावर ठिगळ असलेला. या नव्याच्या बाह्यांना आत दोन बोटं माया ठेवली होती, मी अजून वाढेन म्हणून. मी एकोणीस वर्षांची होते, सर, कुठून वाढणार होते? तुम्ही म्हणालात, "जा. पण हात थांबव."

आता त्या दिवसाचं. नीट सांगते, जबाब लिहितात तसं.

शाळेचा हॉल. माझ्या वजनगटात शेवटची लढत, समोर दिंडोरीची मुलगी, तुमच्या मित्राची शिष्या. ती सोळा-सतराची असेल, बारीक, वेगवान, माझ्यापेक्षा सरस. हे मी तेव्हाही ओळखलं होतं. जी जिंकेल ती राज्याला जाणार, तिथं नंबर आला तर सर्टिफिकेट, सर्टिफिकेट असेल तर भरतीत खेळाडूंच्या जागांवर अर्ज. दुसरी घरी. गुण सारखे झाले होते आणि वेळ संपत आली होती. ती आत शिरली आणि तिची मूठ माझ्या जबड्यावर आली. आणि थांबली. सर, थांबली ती. थांबलेला हात ओळखायला तुम्हीच मला शिकवलं होतं. हातमोज्याचं कापड कातडीला लागलं, बस्स. पण मी आधीच मागे सरकत होते, माझाच तोल गेला आणि मी पडले. इथपर्यंत सगळं खरं आहे.

पडल्या पडल्या मला पंचांचे झेंडे दिसले. तिच्या रंगाचे, वर जायला लागलेले. त्या क्षणी मला आई दिसली, गाव दिसलं, असं लिहिलं तर छान वाटेल, पण खोटं कशाला सांगू, काही दिसलं नाही. फक्त एवढं कळलं की उठले तर हरले. मी दोन्ही हातांनी जबडा धरला आणि कुशीवर वळले.

झेंडे खाली आले. मुख्य पंच धावत आले, "उठता येतं का?" मी मान हलवली, नाही. डॉक्टर आले, त्यांनी हात लावला तेव्हा मी कण्हले. नियम असा की चेहऱ्यावर जोरात मारलं आणि समोरची खेळू शकत नसली, तर मारणारी बाद. आणि या सगळ्या वेळात ती मुलगी माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली होती. तुमच्या मित्रानंही तीच रीत शिकवली होती, एकाच गुरूची. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, फक्त ती नाही. मला तिची मान दिसत होती, आणि वेणीला लावलेलं हिरवं रबर. तिनं एकदा जरी वळून बघितलं असतं, तरी तिला कळलं असतं.

तिला बाद केलं. तुम्ही कडं मोडून आत आलात, माझं डोकं मांडीवर घेतलंत. बोटांना शिंप्याच्या खडूचा वास होता. दिंडोरीचे तुमच्यासमोर येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, हात थांबला होता. मी समोर होतो." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत. वीस वर्षं जुन्या मित्राकडे. आणि म्हणालात, "माझी पोर खोटं पडणार नाही."

मी डोळे मिटून घेतले. अजून काय करणार होते?

हॉस्टेलवर न नेता तुम्ही मला घरी नेलंत. काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून तुम्ही स्वतः आंबेहळद उगाळलीत, गरम करून लेप लावलात, आणि काकूंना म्हणालात, "चावायला लागेल असं काही देऊ नको." मग तीन दिवस मऊ भात. वर मेतकूट आणि तूप, प्रेमानं कालवलेलं, आणि शेजारी बसून तुम्ही बघताय मला गिळताना त्रास होतोय का. मला इतकी भूक लागायची सर, की काय सांगू! तुम्ही दुकानात गेलात की मी काकूंच्या डब्यातले भाजलेले शेंगदाणे मूठभर घेऊन मोरीत जाऊन खायची. कडाकडा फोडत. इतका माझा जबडा ठणठणीत होता. काकूंनी एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी डबा वरच्या फळीवर गेला. त्यांनी तुम्हाला सांगितलं का, हे मला कधी कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

राज्याला मी तिसरी आले. तिथं मी प्रामाणिकपणे खेळले, अंगावर तीन ठिकाणी खरे वळ घेऊन. पदक खरं आहे. तिथपर्यंतच्या वाटेबद्दल मी बोलतेय. भरती झाली, वडील नाशिकच्या पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या फाटकाबाहेर, पोलिसांना बघून पहिल्यांदा न पळता उभे राहिले. मी ते विसरणार नाही. आणि तुम्ही? तुम्ही सगळ्या क्लासना पत्र पाठवलंत. त्यात माझा जबडा होता. आपल्या विद्येचा बाजार मांडला की काय होतं ते बघा, दिंडोरीची कालची पोर थांबवायचं विसरली, असं लिहिलंत. दिंडोरीच्यांनी ते पत्र वाचलं आणि स्कूटर तुमच्या दुकानाकडे वळायची बंद झाली. द्राक्षं बंद झाली. माझ्यामागून हॉस्टेलच्या आणखी दोन पोरी आल्या, चांगल्या तयारीच्या. त्यांच्या फॉर्मवर तुम्ही सही केली नाहीत. त्यांच्या घरचेही आले होते, हात जोडून. तुम्ही म्हणालात, एकदा चुकलो, पुन्हा नाही.

मला तेव्हा बोलता आलं असतं. रोज येत होते मी तुमच्याकडे. आधी वाटलं, भरती होऊ दे. मग वाटलं, नोकरी पक्की होऊ दे. मग तुमची तब्येत बिघडली, आणि आजारी माणसाला काय त्रास द्यायचा, अशी सोय झाली. तुमच्या दहाव्याला रामकुंडावर दिंडोरीचे आले होते. लांब पायऱ्यांवर उभे होते, टोपी हातात घेऊन, जवळ आले नाहीत. काकूंनी मला विचारलं, ते कोण गं तिकडं? मी म्हटलं, गर्दीत दिसत नाही नीट.

तर आता रविवारच्या पानाचं. तुमचं म्हणणं होतं, खेळ मोठा झाला की माणूस खोटं पडायला शिकेल. माझ्याकडे बघितलं तर तुम्ही शंभर टक्के बरोबर. पण तुमचा सगळा पुरावा म्हणजे मी, आणि तो पुरावाच खोटा होता हो! तुम्ही म्हणालात ती मुलगी थांबवायचं विसरली. ती विसरली नव्हती. स्पर्धेतही, गुण सारखे असताना, शेवटच्या क्षणाला, तिचा हात अक्षतेएवढ्या अंतरावर थांबला. तुमची विद्या तिथं तिच्या हातात शाबूत होती. ती हरवली माझ्याकडून, आणि मी तर हॉल झाडणाऱ्यांतली. म्हणजे दोष स्पर्धेचा धरू की माझा? मी खरंच ठरवू शकत नाही. माझ्यासारख्या पाड्यावरच्या पोरीला त्या यादीशिवाय कुणी दारात उभं केलं नसतं, हे एक. आणि त्या यादीसाठीच मी पडून राहिले, हे दुसरं. दोन्ही एकाच पानावर लिहायची तर बैठकीतले लोक म्हणतील, बाई, सही करायची आहे का नाही ते सांगा. मी 'असावं' असंच लिहीन बहुतेक. पण तुमचं ते वाक्य, गुणासाठी मार खातील, ते आठवलं की पेन थांबतं. तुम्ही एवढं ओळखलं होतंत, फक्त कोण ते ओळखलं नाहीत.

सांगायचं ते सांगून मोकळं व्हावं, म्हणून गेल्या महिन्यात सुट्टी काढून दिंडोरीला गेले. तुमचे मित्र आता फारसे कुणाला ओळखत नाहीत. ओसरीवर बसले होते, मला मास्तरांची कोण म्हणून विचारलं आणि उत्तर यायच्या आत डुलकी लागली. त्यांच्याच सुनेनं सांगितलं, ती मुलगी इथंच शेजारच्या शिवारात दिलीय. बागेत गेले. छाटणी चालली होती, ती बायकांच्या ओळीत होती, डोक्याला फडकं, हातात कात्री. मी ओळख सांगायच्या आधीच तिनं ओळखलं. कात्री खाली ठेवली, धावत आली आणि माझे हात धरले. त्या दिवसानंतर तिनं कराटे सोडलं, हे तिनं हसत हसत सांगितलं. "हातावर भरवसाच राह्यला नाय ना," म्हणाली. "मला वाटायचं मी थांबवला. सर पण म्हणायचे थांबवला. पण तुम्ही उठलाच नाय. मी पाठ करून बसले व्हते, मला फक्त तुमचं कण्हणं आयकू येत व्हतं. अजून पोराला चापट मारायची म्हटलं तरी हात उचलत नाय माझा."

बांधावर बसवून तिनं मला चहा दिला. मी बोलायला तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं सर. तेवढ्यात ती पुढं झुकली, माझ्या जबड्याला हलकेच बोट लावलं आणि विचारलं, "अजून दुखतं का हो इथं?"

मी म्हटलं, "थंडीत. थोडंसं."